मोलेम ते सितो : सिस्टर्शियन संघाच्या जन्माचे प्रकरण (१०९८–११३४)

१०९९ च्या जून महिन्यात फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील एका नव्या मठाला आपले मठाधिपती गमवावे लागले. मठ जेमतेम सव्वा वर्षाचा होता, लाकडी ओंडक्यांचा होता, दिजों शहराच्या दक्षिणेस दलदलीच्या रानात उभा होता. मठाधिपती रोबेर हे सत्तरीच्या घरातले वृद्ध संन्यासी होते आणि ज्या मोलेम मठातून ते आले होते तेथेच परत जाण्याचा आदेश त्यांना झाला होता. हा आदेश ल्यों येथील आर्चबिशप आणि पोपचे प्रतिनिधी ह्यू यांनी दिला होता, पोप दुसरे अर्बन यांच्या सूचनेवरून. रोबेर गेले, त्यांच्याबरोबर ज्यांना रानातले जीवन मानवले नव्हते असे काही संन्यासीही गेले, आणि मागे उरलेल्या मूठभर लोकांकडे पूजेचे साहित्य, थोडी जमीन व एक प्रार्थनाग्रंथ राहिला. तो ग्रंथही त्यांचा नव्हता. मोलेमच्या संमतीने त्याची नक्कल करून घ्यावी आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या सणापर्यंत तो परत करावा, असे निर्णयपत्रात स्पष्ट लिहिले होते.

सितो येथील याच मठातून पुढे सिस्टर्शियन संघ, म्हणजे एकाच व्यवस्थेने बांधलेल्या अनेक मठांचा समूह, उभा राहिला. ११५३ पर्यंत त्याचे सुमारे ३४० मठ पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत आणि स्कॉटलंडपासून सिसिलीपर्यंत पसरले होते. पण या संघाचा जन्म नेमका केव्हा झाला आणि त्याचा संस्थापक कोण, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. संघ स्थापन झाला तो १०९८ मध्ये रोबेर यांच्या हातून, असे पाठ्यपुस्तकी उत्तर असते. कागदपत्रे क्रमाने वाचली की मला वेगळे दिसते : १०९८ मध्ये एक मठ स्थापन झाला, संघ नव्हे, आणि त्या मठाचा संघ होऊ शकला तो संस्थापक गेला तरी काय टिकले पाहिजे, हे मागे राहिलेल्यांना कष्टाने ठरवावे लागले म्हणून.

मराठी वाचकासाठी एक खुलासा येथेच करतो. गोव्यात ज्यांची चर्चे आणि कॉन्व्हेंट आपण पाहिली आहेत ते फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट हे लोकांत हिंडणारे, प्रवचन व शिक्षण करणारे संघ होते. येथे ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते मठवासी होते : एका मठात प्रवेश करायचा, मरेपर्यंत त्याच मठाला बांधून घ्यायचे आणि दिवसरात्रीच्या ठरलेल्या प्रहरांना स्तोत्रे गायची, हे त्यांचे व्रत.

मोलेमची समृद्धी

पश्चिम युरोपातील बहुतेक मठ अकराव्या शतकात एकाच नियमावलीने चालत. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट यांनी लिहिलेल्या या नियमावलीत ७३ प्रकरणे आहेत आणि त्यांत मठाच्या दिवसाचे तीन भाग दिसतात : सामूहिक प्रार्थना, पवित्र ग्रंथांचे वाचन आणि हातांचे काम. अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात बेनेडिक्ट म्हणतात की आपले पूर्वज आणि प्रेषित यांच्याप्रमाणे जेव्हा ते स्वतःच्या हातांच्या श्रमावर जगतात तेव्हाच ते खरे संन्यासी होत. मधल्या पाच शतकांत या तीन भागांचा तोल ढळला होता. ९१० च्या सुमारास स्थापन झालेल्या क्लुनी मठात प्रार्थना इतकी वाढली, इतकी देखणी आणि इतकी लांब झाली की शेतात जाण्यास वेळच उरला नाही. शेतीचे काम भूदासांकडे, म्हणजे जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांकडे, गेले आणि मठाचा खर्च गावांच्या दशांशावर (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या धर्मकरावर), चर्चांच्या उत्पन्नावर, गिरण्या व भट्ट्यांच्या भाड्यावर चालू लागला. यात ढोंग होते असे मला वाटत नाही. क्लुनीच्या संन्याशांची उपासनेवरची निष्ठा खरी होती, आणि मृतांसाठी प्रार्थना करणारे हे लोक समाजाला हवेच होते. म्हणून तर सरदार त्यांना जमिनी देत. पण ज्या नियमाची शपथ घेतली आणि जे जीवन प्रत्यक्ष जगले जात होते, त्यांत अंतर पडले होते, आणि ते अंतर काही लोकांना सहन होईनासे झाले.

रोबेर हे अशांपैकी एक होते. शांपान्य प्रांतातील एका प्रतिष्ठित घराण्यात जन्मलेले रोबेर पंधराव्या वर्षी त्र्वा शहराजवळच्या मठात दाखल झाले, पुढे तोनेर येथे मठाधिपती झाले आणि तेथे सुधारणा जमत नाही असे पाहून बाहेर पडले. कोलां येथील रानात राहणाऱ्या एकांतवासी साधकांनी त्यांना आपला गुरू म्हणून मागितले होते. या छोट्या मंडळीला घेऊन १०७५ च्या डिसेंबरात त्यांनी मोलेम येथे मठ वसवला. आरंभी फांद्यांच्या झोपड्या होत्या, अन्नाची वानवा होती. याच काळात पुढे कार्थुसियन संघाची पायाभरणी करणारे ब्रूनो हेही काही दिवस रोबेर यांच्या छायेत, मोलेमजवळच्या एका ठिकाणी राहिले होते, आणि तेथून ते १०८४ मध्ये आल्प्सच्या शार्त्रूझ खोऱ्यात गेले. एका प्रांतात, एका पिढीत, एकच अस्वस्थता किती वाटांनी बाहेर पडत होती, हे यावरून दिसते.

मोलेमची कीर्ती झाली आणि कीर्तीबरोबर दाने आली. दशांश, चर्चे, गावे, आश्रित मठ यांची रीघ लागली. नव्याने आलेल्या संन्याशांना क्लुनीसारखाच मठ अपेक्षित होता. पंचवीस वर्षांच्या आत मोलेम त्याच जागी येऊन पोहोचले जेथून रोबेर निघाले होते. येथे कोणी दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. मठ गरीब असेपर्यंत लोक त्याला पवित्र मानतात, पवित्र मानतात म्हणून दान देतात, आणि दानाने मठ गरीब राहत नाही. बाराव्या शतकातील इतिहासकार ऑर्डरिक व्हिटालिस हे स्वतः जुन्या पद्धतीच्या मठातले होते, आणि त्यांनी मोलेमच्या संन्याशांची बाजू समजून घेऊन मांडली आहे. त्यांच्या वर्णनात मोलेमचे संन्यासी म्हणतात की फ्रान्सच्या थंडीत पूर्वेकडच्या उष्ण देशांतले आचार कसे चालतील. शेतकऱ्यांनी शेती करावी आणि संन्याशांनी स्तोत्रे गावीत, हीच पूर्वजांनी घालून दिलेली व्यवस्था आहे. या युक्तिवादात वजन आहे, आणि ते नाकारून सितोची गोष्ट सांगता येणार नाही.

मठातला वाद मात्र कागदावर राहिला नाही. आल्बेरिक हे तेव्हा मोलेमचे उपप्रमुख होते. मठाने नियमाप्रमाणे चालावे असा आग्रह धरल्याबद्दल त्यांना अपमान, मारहाण आणि कोंडून घालणे सोसावे लागले, अशी नोंद संघाच्या आद्य कथनात, ‘एक्झोर्दियुम पार्व्हुम’मध्ये, आहे.

१०९८ चे प्रस्थान

रोबेर, आल्बेरिक, इंग्रज संन्यासी स्टीफन हार्डिंग आणि आणखी चौघे असे सातजण ल्यों येथे आर्चबिशप ह्यू यांना भेटले. आतापर्यंत मोलेममध्ये आपण बेनेडिक्ट यांचा नियम कोमट मनाने आणि हयगयीने पाळला, यापुढे तो अधिक काटेकोरपणे पाळण्यासाठी दुसरीकडे जाण्याची परवानगी द्यावी, असे त्यांचे निवेदन होते. ह्यू यांनी परवानगी दिली. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे : त्यांनी नवा संघ मागितला नव्हता आणि नवा नियमही मागितला नव्हता. जुना नियम पाळण्याची मोकळीक, एवढीच त्यांची मागणी होती.

रोबेर एकवीस संन्याशांसह निघाले. बोनचे व्हायकाउंट रेनाल्द यांनी जागा दिली आणि बर्गंडीचे ड्यूक पहिले ओदो यांनी लाकडी मठ बांधण्यास मदत केली. मठाचा आरंभ २१ मार्च १०९८ या दिवशी झाला असे मानतात. तो बेनेडिक्ट यांचा सण होता आणि त्या वर्षी झावळ्यांचा रविवारही, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, त्याच दिवशी आला होता. मठाला त्यांनी ‘नोव्हुम मोनास्तेरियुम’, म्हणजे नवा मठ, एवढेच म्हटले. सितो हे त्या जागेचे नाव; बोरू-लव्हाळ्यांसाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि लॅटिनमधील ‘सिस्टर्शियुम’ या रूपावरून पुढे संघाला सिस्टर्शियन म्हणू लागले.

ही मंडळी जगापासून तुटून रानात गेली, असे चित्र भाविक ग्रंथांत असते. ते अर्धेच खरे आहे. त्याच वर्षीच्या नाताळात ड्यूक ओदो यांनी मर्सो येथील द्राक्षमळा मठाला दिला. सितो मठाला पहिल्या दिवसापासून आश्रयदाते होते आणि त्यांच्यावाचून तो पहिला हिवाळाही काढू शकला नसता. ओदो पुढे धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे गेले, ११०२ मध्ये तिकडेच वारले आणि त्यांचा देह सितो येथे आणून पुरण्यात आला. मोलेमचा आजार ज्या ठिकाणी सुरू झाला ते नेमके हेच होते, दात्याशी असलेले नाते. आणि सितोच्या लोकांना ते ठाऊक होते, हे त्यांच्या पुढच्या निर्णयांवरून दिसते.

मठाधिपती गेल्यानंतर

मोलेमच्या संन्याशांनी पोपकडे तक्रार केली की मठाधिपती गेल्यामुळे त्यांच्या मठाची घडी विस्कटली आहे आणि आसपासच्या सरदारांत तो बदनाम झाला आहे. पोप अर्बन यांनी ह्यू यांना लिहिले की शक्य असेल तर रोबेर यांना परत आणावे आणि रानात राहू इच्छिणाऱ्यांनाही शांतता मिळावी. ह्यू यांनी बिशप आणि मठाधिपती यांची बैठक घेऊन निर्णय दिला. रोबेर परतले आणि ११११ मध्ये मृत्यू येईपर्यंत मोलेममध्येच मठाधिपती राहिले. तेराव्या शतकात चर्चने त्यांना संत म्हणून मान्यता दिली.

ह्यू यांच्या पत्रात एक बोचरा शब्दप्रयोग आहे. रोबेर पुन्हा कधी आपल्या ‘नेहमीच्या चंचलपणाने’ मोलेम सोडून गेले तर काय करायचे, याची तरतूद करताना त्यांनी तो वापरला आहे. हे वाचताना मला त्या वृद्ध माणसाविषयी वाईट वाटते. तोनेर सोडले, कोलां सोडले, मोलेम एकदा आधीही काही काळ सोडले होते, आणि आता सितो. प्रत्येक वेळी ते एका अधिक निर्मळ आरंभाच्या शोधात निघाले आणि प्रत्येक आरंभ यशस्वी होताच त्यांच्या हातून निसटला. त्यांना चंचल म्हणणे सोपे आहे. मला ते असे साधक वाटतात ज्यांना आरंभ करण्याची विलक्षण देणगी होती आणि टिकवण्याचे साधन सापडले नव्हते. ते साधन त्यांच्यामागे राहिलेल्या दोघांनी शोधले.

पहिले आल्बेरिक. त्यांनी दोन गोष्टी केल्या. मठ पाण्याच्या सोयीसाठी थोड्या अंतरावर हलवला; तेथे बांधलेल्या दगडी चर्चचे अभिमंत्रण ११०६ मध्ये झाले. आणि त्यांनी दोन संन्याशांना रोमला पाठवून पोप दुसरे पास्कल यांच्याकडून १९ ऑक्टोबर ११०० रोजी संरक्षणपत्र मिळवले. या पत्राने नवा मठ पोपच्या थेट आश्रयाखाली आला आणि मोलेमच्या लोकांनी किंवा इतरांनी त्याच्या जीवनक्रमात ढवळाढवळ करू नये, असे ठरले. रोबेर यांनी आर्चबिशपांच्या तोंडी आणि लेखी अनुमतीवर भिस्त ठेवली होती. ती सव्वा वर्षात फिरली. आल्बेरिक यांनी रोमचा कागद घेतला. मारहाण आणि कोंडवाडा सोसलेल्या माणसाने कागदाचे मोल ओळखावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

नियमाशी न जुळणाऱ्या गोष्टी मठाने एकेक करून सोडल्या : फरचे अंगरखे, तागाचे सदरे, रुंद झगे, जादा पांघरुणे, जेवणातली चरबी आणि पदार्थांची विविधता. रंग न दिलेल्या लोकरीचे कपडे त्यांनी घेतले, आणि त्यामुळे काळ्या झग्यातल्या जुन्या बेनेडिक्टिन संन्याशांच्या तुलनेत त्यांना ‘पांढरे संन्यासी’ हे नाव पडले. कपड्याच्या रंगाची चर्चा करू नये, असे स्वतः बेनेडिक्ट यांनी पंचावन्नाव्या प्रकरणात सांगितले होते. तरी पुढील पन्नास वर्षे दोन्ही बाजूंनी या रंगावर कितीतरी शाई खर्ची पडली.

श्रम कोणाचे

उत्पन्नाचे साधन कोणते असावे, हा निर्णय सर्वांत दूरगामी ठरला. चर्चे, वेदींवरची दाने, दफनाचे शुल्क, दुसऱ्यांच्या श्रमाचा दशांश, भट्ट्या, गिरण्या, गावे आणि भूदास यांपैकी काहीही ठेवायचे नाही, असे त्यांनी ठरवले. बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत किंवा त्यांच्या चरित्रात यांपैकी काही आढळत नाही, हे त्यांचे कारण होते. मोलेमला ज्या वाटेने संपत्ती आली ती वाटच अशा रीतीने बंद झाली. मात्र त्याबरोबर एक कठीण प्रश्न उभा राहिला. नियमाप्रमाणे दिवसाचे सारे प्रहर चर्चमध्ये गायचे आणि लांबच्या शेतांवर नांगरणीही करायची, हे एकाच माणसाकडून होणारे नव्हते.

यावर त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे ‘कॉन्व्हर्सी’, ज्यांना मराठीत श्रमबंधू म्हणता येईल. हे दाढी राखणारे, बहुधा शेतकरी कुटुंबांतून आलेले व्रतस्थ पुरुष मठापासून दूर असलेल्या शेतवाड्यांवर राहत, जनावरे आणि अवजारे सांभाळत आणि सणाच्या दिवशी मठात येत. संन्याशांप्रमाणे त्यांना गायनमंडळात स्थान नव्हते. श्रमबंधूंची कल्पना इतर काही मठांतही रूढ होत होती, पण सितोने तिच्यावर आपली सारी अर्थव्यवस्था उभी केली.

या व्यवस्थेचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू सांगाव्या लागतात. ज्या काळात निरक्षर शेतकऱ्याला मठात मजूर म्हणूनच प्रवेश होता, त्या काळात त्याला व्रत देऊन, जिवंतपणी आणि मेल्यावर आपल्यासारखीच वागणूक देण्याचे वचन सितोने दिले, आणि हजारो लोक ते वचन ऐकून आले. पण याच श्रमबंधूंना वाचायला शिकण्यास बंदी होती, काही मोजक्या प्रार्थना तोंडपाठ करून त्यांवरच त्यांनी भागवायचे होते, मठाधिपतीच्या निवडीत त्यांना मत नव्हते आणि पुढे त्यांना संन्यासी होण्याचा मार्गही बंद राहिला. एकाच छताखाली दोन शयनगृहे, दोन भोजनगृहे आणि चर्चमध्ये दोन वेगळे भाग होते. भूदास नाकारणाऱ्या सुधारकांनी समाजातली उतरंड मठात आणली, हे नाकारता येत नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रमबंधूंचे उठाव होऊ लागले, त्यांचे बीज या मांडणीतच होते.

बर्नार्ड यांच्याआधी

परंपरेतली लोकप्रिय कथा अशी आहे की सितो मरणपंथाला लागला होता, नवे कोणी येत नव्हते, आणि अशा वेळी फोंतेन गावचे तरुण सरदारपुत्र बर्नार्ड आपले भाऊ, नातेवाईक आणि मित्र मिळून सुमारे तीसजणांसह दारात उभे राहिले आणि मठ वाचला. आद्य कथनातही तीस नवागतांचा उल्लेख आहे, त्यामुळे कथेला आधार नाही असे नव्हे.

तरीही या प्रकरणात माझा भर वेगळ्या पुराव्यावर आहे. सितोचा पहिला कन्यामठ, म्हणजे सितोतून गेलेल्या संन्याशांनी वसवलेला मठ, ला फेर्ते हा १८ मे १११३ रोजी स्थापन झाला आणि त्याच्या सनदेत कारण दिले आहे : सितोतील बंधूंची संख्या इतकी झाली होती की असलेली सामग्री त्यांना पुरत नव्हती आणि जागाही अपुरी पडत होती. बर्नार्ड यांचे आगमन जुन्या गणनेप्रमाणे १११२ मध्ये आणि आजच्या बहुतेक अभ्यासकांच्या मते १११३ मध्ये झाले. दुसरी तारीख घेतली तर ला फेर्तेची योजना ते येण्यापूर्वीच झाली असली पाहिजे, कारण जागा मिळवणे, बिशपची संमती घेणे आणि बारा संन्यासी व एक मठाधिपती निवडणे ही काही आठवड्यांत उरकणारी कामे नव्हेत. व्हर्जीच्या एलिझाबेथ यांसारख्या स्थानिक सरदार घराण्यातील दात्यांनी तोवर शेतजमिनीही दिल्या होत्या. बर्नार्ड हे बुडत्या नावेत चढले नाहीत. वल्ही धरून निघालेल्या नावेत ते आले आणि तिला वारा मिळाला.

तो वारा असामान्य होता, यात शंका नाही. ला फेर्तेपाठोपाठ १११४ मध्ये पोंतिन्यी आणि १११५ मध्ये क्लेर्वो व मोरिमों हे मठ निघाले. क्लेर्वोचे मठाधिपती म्हणून पाठवले गेले तेव्हा बर्नार्ड पंचवीस वर्षांचे होते. पुढच्या चाळीस वर्षांत एकट्या क्लेर्वोने साठाहून अधिक मठ थेट स्थापन केले, आणि बर्नार्ड यांचे एक शिष्य ११४५ मध्ये तिसरे यूजीन म्हणून पोप झाले. पण प्रसार आणि जन्म या दोन वेगळ्या घटना आहेत.

स्टीफन हार्डिंग आणि प्रीतीची सनद

आल्बेरिक यांच्यानंतर मठाधिपती झालेले स्टीफन हार्डिंग हे या प्रकरणातले मला सर्वांत जवळचे वाटणारे व्यक्तिमत्त्व आहे, आणि लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेलेही. इंग्लंडमधील शेरबोर्न मठात बालपणी वाढलेले स्टीफन तेथून निघून स्कॉटलंड, फ्रान्स आणि रोम फिरले व परतीच्या वाटेवर मोलेममध्ये थांबले. त्यांचे देशबांधव इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी यांनी तर सितोच्या साऱ्या हालचालीचे श्रेय त्यांनाच दिले आहे. त्यात स्वदेशीयाविषयीचा अभिमान धरून चालले पाहिजे.

स्टीफन यांची काम करण्याची रीत त्यांच्या बायबलवरून कळते. मठासाठी बायबलची प्रत तयार करताना वेगवेगळ्या लॅटिन प्रतींत फरक दिसले. जुन्या कराराच्या काही भागांत काही प्रतींमध्ये जादा मजकूर होता. स्टीफन यांनी जाणत्या ज्यू विद्वानांना भेटून, त्यांच्याशी लोकभाषेत बोलून, हिब्रू आणि अरामी मूळ तपासून घेतले आणि मुळात नसलेला मजकूर आपल्या प्रतीतून खरवडून काढला. हे त्यांनी स्वतः त्याच ग्रंथात लिहून ठेवले आहे आणि ११०९ हे वर्ष नोंदवले आहे. हे बायबल आजही दिजों येथील ग्रंथालयात आहे. पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्यांत कत्तली होऊन जेमतेम एक तप लोटले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या भेटीचे मोल अधिक जाणवते. प्रार्थनागीतांसाठी त्यांनी संन्याशांना मिलानला आणि गायनाच्या परंपरेसाठी मेत्सला पाठवले. प्रत्येक ठिकाणी एकच वृत्ती दिसते : मूळ कोठे आहे ते शोधायचे, प्रत्यक्ष जाऊन पाहायचे, आणि मग त्याला चिकटून राहायचे.

दात्यांच्या बाबतीतही त्यांनी रेघ ओढली. ड्यूक आणि इतर सरदार मोठ्या सणांना आपला दरबार मठाच्या चर्चमध्ये भरवत असत; स्टीफन यांनी ते बंद केले. सोन्याचांदीचे क्रूस जाऊन रंगवलेले लाकडी क्रूस आले, दिव्याचे झाड एकच आणि तेही लोखंडी, मिस्साचे, म्हणजे पूजाविधीचे, झगे साध्या कापडाचे. दात्याला मठात दिमाख दाखवण्याजोगे काही उरले नाही.

पण खरी कसोटी कन्यामठांची होती. क्लुनीच्या पद्धतीत बहुतेक आश्रित मठांना स्वतःचा मठाधिपती नसे. क्लुनीचे मठाधिपती हेच साऱ्यांचे प्रमुख असत. त्यामुळे एकसूत्रीपणा आला, पण सारा भार एका माणसावर पडला. उलट जुन्या बेनेडिक्टिन पद्धतीत प्रत्येक मठ पूर्ण स्वतंत्र होता, म्हणून बिघडला तर त्याला सावरणारे कोणी नव्हते. मोलेमचे तेच झाले. स्टीफन यांनी आणि त्यांच्या सहकारी मठाधिपतींनी या दोन्हींच्या मधून वाट काढली. तिचा लेख म्हणजे ‘कार्ता कारितातिस’, प्रीतीची सनद. पोप दुसरे कॅलिक्स्टस यांनी बर्गंडीतील सोलियो येथे २३ डिसेंबर १११९ रोजी सिस्टर्शियनांच्या व्यवस्थेला मान्यता दिली.

सनदेतील तरतुदी मोलेमच्या आणि १०९९ च्या आठवणीशेजारी ठेवून वाचल्या की त्यांचा अर्थ उलगडतो. मातृमठाने कन्यामठाकडून कोणतेही ऐहिक देणे घ्यायचे नाही, कारण त्यांच्या गरिबीतून आपण श्रीमंत होऊ पाहिले तर लोभाच्या पापातून सुटणार नाही. कोणत्याही बिशपच्या क्षेत्रात मठ काढण्यापूर्वी त्या बिशपने ही सनद मान्य केली पाहिजे, म्हणजे पुढे बिशप आणि संन्यासी यांच्यात तंटा उद्भवणार नाही. सर्व मठांत नियमाचा अर्थ एकच, उपासनेचे ग्रंथ एकच, गायन एकच. मातृमठाच्या प्रमुखाने वर्षातून एकदा कन्यामठाला भेट देऊन तेथील जीवन तपासायचे. वर्षातून एकदा सर्व मठाधिपतींनी सितो येथे महासभेसाठी एकत्र यायचे, एकमेकांचे दोष दाखवायचे आणि अडचणीत असलेल्या मठाला मदत करायची. आणि खुद्द सितोचे मठाधिपतीच नियमापासून ढळले तर? तर पहिल्या कन्यामठांच्या मठाधिपतींनी त्यांना ताकीद द्यायची, आणि ऐकले नाही तर पुढील कारवाई करायची.

शेवटची तरतूद माझ्या मते साऱ्या सनदेचा कणा आहे. मुले आईला जाब विचारू शकतात, हे क्लुनीत शक्य नव्हते. वडीलधाऱ्या मठाचा मान राखला आहे, पण त्याचा शब्द अंतिम ठेवलेला नाही. नियमाच्या खाली सर्व, प्रमुखही. ज्या मठाने आपला पहिला प्रमुख एका आदेशाने जाताना पाहिला, त्याने प्रमुखापेक्षा टिकाऊ असे काही लिहून ठेवले, ही संगती मला योगायोगाची वाटत नाही. मठाला नव्या मठाऐवजी सितो म्हणण्याची पद्धतही याच सुमारास, १११९ च्या आगेमागे, रूढ झाली. जेथे दहाबारा मठ झाले, तेथे एकाला ‘नवा’ म्हणण्यात अर्थ राहिला नव्हता.

स्त्रियांना या आरंभकाळात मिळालेली जागा अपुरी आणि अस्पष्ट होती. बर्नार्ड यांची बहीण ओंबलीन ज्यूली येथे गेली, आणि तो मठ मोलेमच्या आश्रयाखालचा होता. सितोपासून जवळच तार येथे ११२० च्या दशकात स्टीफन यांच्या पाठिंब्याने स्त्रियांचा मठ निघाला व सिस्टर्शियन रीतीने चालू लागला. पण सनद लिहिणाऱ्यांच्या वर्तुळात त्या नव्हत्या.

साधनांविषयी

हे सारे ज्या लेखांवर आधारले आहे त्यांच्या काळाविषयी तीव्र मतभेद आहेत. अमेरिकन इतिहासकार कॉन्स्टन्स बर्मन यांनी २००० साली असा सिद्धांत मांडला की आद्य कथने आणि सनदेचे उपलब्ध पाठ बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत, आणि संघ म्हणून काही अस्तित्वात आले ते शतकाच्या मध्यानंतर. त्यापूर्वी होता तो केवळ एकसारख्या आचाराच्या मठांचा सैल समूह. अनेक अभ्यासकांनी त्यांच्या हस्तलिखितांच्या कालनिर्णयाला विरोध केला आहे, आणि मलाही १११९ ची मान्यता पूर्णपणे बाजूला ठेवणे पटत नाही. तरीही या वादाने एक गोष्ट कायमची पक्की केली : सनद एका बैठकीत लिहून संपली नाही. महासभा, तपासणीच्या भेटी आणि शिक्षा यांचे तपशील दशकानुदशके भरत गेले आणि नंतरच्या पिढीने आपल्या काळातली घडी आरंभाच्या वर्षांवर मागे नेऊन बसवली. आद्य कथन वाचताना ते संस्थेच्या हिताचे लेखन आहे, हे विसरता येत नाही. त्यात उद्धृत केलेली ह्यू आणि पास्कल यांची पत्रे मात्र त्या कथनापेक्षा जुनी आणि अधिक रोखठोक आहेत, म्हणून येथे मी त्यांना अधिक महत्त्व दिले.

सनदेची परीक्षा स्टीफन यांच्या हयातीतच झाली. ११३३ मध्ये वृद्धत्वाने आणि अंधत्वाने थकून त्यांनी मठाधिपतिपद सोडले. त्यांच्या जागी निवडलेले गी हे पदास योग्य ठरले नाहीत आणि थोड्याच काळात ते पदावरून दूर झाले. त्यानंतर निवड झाली ती रेनार द बार यांची, जे क्लेर्वोचे संन्यासी होते, म्हणजे मातृमठाला प्रमुख मिळाला तो कन्यामठातून. २८ मार्च ११३४ रोजी स्टीफन वारले तेव्हा संघाचे सुमारे सत्तर मठ होते, आणि त्या वर्षीही सप्टेंबरात मठाधिपतींनी महासभेसाठी सितोची वाट धरायची होती.